नाथानने बोट राजाकडे दाखवलं होतं

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये तरुणांची सभा झाली, विषय वासना आणि पवित्रता. मुलींना आत बसवून तासभर सांगितलं की कपडे कसे घालायचे, किती वाजेपर्यंत घरी यायचं, आणि मुलं बाहेर जिन्यावर वडापाव खात मोबाईल बघत बसली होती. माझी सोळा वर्षांची लेक घरी आली आणि चपला काढता काढता विचारते, मम्मी, बायबलमध्ये खरंच असं लिहिलंय का गं?

मग रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी बायबलमधलं २ शमुवेल हे पुस्तक उघडलं. दावीद राजा संध्याकाळी गच्चीवर फिरत होता, त्याला बथशेबा अंघोळ करताना दिसली, माणसं पाठवून तिला आणवली, ती गरोदर राहिली तेव्हा तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत अगदी पुढे उभं करून मारवलं. मग नाथान संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा माणूस, आला. तो बथशेबाला एक शब्द बोलत नाही! राजाला गोष्ट सांगतो, श्रीमंताकडे ढीगभर मेंढरं, गरिबाकडे एकच कोकरी, त्याच्या घासातला घास खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी, आणि पाहुणा आला तर श्रीमंताने नेमकी तीच कापली. दावीद भडकला, तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस. पुढे देवाचा निरोप काय, तर तुला एवढं दिलं, कमी वाटलं असतं तर आणखी दिलं असतं. म्हणजे वासनेचं मूळ कुठे आहे बघा, सगळं असून पोट न भरण्यात.

होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ४:१४ तर प्रत्येक घरात वाचायला हवं. तिथे देव म्हणतो की तुमच्या मुलीसुना चुकल्या तरी मी त्यांना शिक्षा करणार नाही, कारण पुरुष स्वतःच वेश्यांकडे जातात. मलाखी संदेष्टासुद्धा पुरुषांनाच विचारतो, तरुणपणी जिच्याशी लग्न केलंस तिच्याशी बेइमानी का केलीस, देव त्याला साक्षी आहे. बायकांना संदेष्टे बोललेच नाहीत असं नाही, आमोसने शोमरोन शहराच्या बायकांना चांगलं झापलंय, पण कशासाठी, तर गरिबांना चिरडता आणि वर नवऱ्याकडे दारू मागता म्हणून.

समाधानाचंही तेच होतं, ते नेहमी ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच शिकवलं जातं. माझे पप्पा गिरणीत होते, १९८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. त्यांना येणारा जाणारा सांगायचा, समाधान माना. बायबलमध्ये नाबोथचा द्राक्षमळा अहाब राजाला भाजी लावायला हवा होता, मिळाला नाही म्हणून जेवण सोडून तोंड फिरवून पडला, शेवटी राणीने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथला दगडांनी मारवलं. एलीया संदेष्टा जाब विचारायला गेला तो अहाबाला. नाबोथला कुणी समाधान शिकवलं नाही. लालबाग परळला गिरण्यांच्या जागेवर टॉवर बघते तेव्हा मला हा अध्याय आठवतो, इलाज नाही.

सगळ्या पाळकांना आणि आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे, पुढच्या सभेत मुलांनाही आत बसवा, मोबाईल बाजूला ठेवायला सांगा आणि २ शमुवेल १२ मोठ्याने वाचा. कुणी वाचणारं नसेल तर माझी लेक तयार आहे.

— एक आई, भायखळा, मुंबई