शेजारी शून्य असेल तर?

महोदय,
तिसरीत हातच्याची वजाबाकी चालू असताना ४०२ वजा १८७ चे उत्तर बरीच मुले ३८५ लिहितात. हा धांदरटपणा नव्हे. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, एवढेच त्यांनी धरलेले असते. पालक ‘शेजारून घे’ म्हणतात, पण शेजारी शून्य!

अशा वेळी शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी मांडावीत. शेंगाचटणीचे १८७ द्यायचेत. एक शंभराची नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा नाणी. उरल्या तीन, नऊ, बारा. तो नऊच निसटतो. दशकावर १० ठेवले की उत्तर २२५. पडताळा बेरजेने घ्यावा: २१५ अधिक १८७.

– एक प्राथमिक शिक्षिका, सोलापूर