मारवा आणि संत्र्याची साल

नागपूर,
२६ फेब्रुवारी

प्रिय सुनंदा,

तुझ्या भावाच्या हाती पाठवलेलं चॉकलेटचं संत्रं पोचलं. टेबलावर आपटायचं की फोडी सुट्या होतात, हे त्याने इतक्या गंभीरपणे करून दाखवलं की सासूबाईंनी जपाची माळ बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "संत्रं सोलायला हातोडा लागतो का रे बाबा?" पण एक फोड तोंडात टाकल्यावर दुसरीसाठी त्यांनीच हात पुढे केला.

तो सांगत होता, की हे संत्रं काढणाऱ्या टेरीज कंपनीचा यॉर्कमधला जुना कारखाना तुझ्या फिरायच्या वाटेवर आहे. मग मी जरा वाचलं. त्यांनी १९२६ मध्ये आधी चॉकलेटचं सफरचंद काढलं होतं, ठाऊक आहे तुला? संत्रं आलं १९३२ मध्ये. पुढे सफरचंद बंद पडलं आणि संत्रं अजून खपतंय. खपणारच गं! चॉकलेटसमोर उभं राहायला अंगात वास लागतो. सफरचंद बिचारं काय बोलणार तिथे?

तेव्हापासून डोक्यात केक घोळत होता. शनिवारी घरची सगळी एका लग्नाला गेली, मी गुडघ्याचं निमित्त सांगून मागे राहिले. स्वयंपाकघर माझं एकटीचं, आणि मुख्य म्हणजे स्पीकर माझा एकटीचा. तू कृती मागितलीस म्हणून लिहितेय, पण ती गाण्यांसकट घ्यावी लागेल.

आधी साल. सगळा जीव तिच्यात आहे. आठवतं, लहानपणी आपण समईच्या ज्योतीजवळ संत्र्याची साल दाबायचो आणि फुर्रकन ठिणग्या उडायच्या? तुझी आजी ओरडायची. तेच तेल आपल्याला हवंय. रसाचा सुगंध भट्टीत पार उडून जातो, उरतो थोडा आंबटपणा. सालीतलं तेल मात्र लोण्यात मुरतं आणि टिकतं. म्हणून तीन संत्र्यांची साल बारीक किसायची, फक्त वरची केशरी. खालचं पांढरं आलं की कडू. मग तो कीस १८० ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चोळत बसायचं. साखर ओलसर, पिवळसर होते आणि घरभर घमघमाट सुटतो. हे काम किशोरीताई आमोणकरांच्या भूप रागाबरोबर करावं. त्या सुराला घाई ठाऊकच नाही, त्यामुळे आपलीही बोटं निवांत होतात. माझी साखर आधीचं संथ विलंबित संपायच्या आतच चोळून झाली होती, तरी नंतरची 'सहेला रे' ही बंदिश होईपर्यंत हात काढवला नाही. चोळण्याचं निमित्त होतं, दुसरं काय!

आता एक गोष्ट सांगते, पण नागपुरात कुणापाशी बोलू नकोस. या केकला तुमच्याकडची स्पेनहून येणारी संत्री जास्त सोयीची. सध्या बाजारात मृग बहराची संत्री आहेत, काटोलकडची, आणि खायला त्यांच्यासारखं काही नाही. पण आपल्या संत्र्याची साल अशी सैल असते, की किसणीवर धरलं की ती आत दबते. किसायच्या आधी फ्रिजमध्ये गार करून घेतलं तर जमतं. तुमची घट्ट सालीची, भराभर किसली जातात. फक्त मेण न लावलेली बघून आण, नाहीतर गरम पाण्यात चांगली घासून घे.

साखर झाली की तिच्यात १२० ग्रॅम लोणी घालून फेटायचं, इथे भीमसेन. द्रुत तानांची एखादी मैफल लावायची आणि सुटायचं. साखरेचे कण लोण्यात हवा कोंडतात, तीच पुढे केकला उचलते, म्हणून इथे दम लावायला हरकत नाही. लोणी मऊ हवं पण ओघळतं नको. आत्ताच दुपारी पंखा लागतोय. एप्रिलात आमच्याकडे हा प्रयोग पहाटेच करावा लागेल. मग तीन अंडी, एकेक करून.

मैदा मात्र भीमसेनांच्या हाती द्यायचा नाही! १५० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कोको, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, हे सगळं चाळून घालायचं, वर पाव वाटी संत्र्याचा रस आणि तेवढंच कोमट दूध. आता जोर केलास तर मैद्याला चिवटपणा येतो आणि केकचं रबर होतं. डाव खालून वर, सावकाश, मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. मी गाणं बंद करून टाकलं. काही कामं शांततेतच बरी, आणि शिवाय रसाची नि सोड्याची गाठ पडली की फुगे लगेच सुरू होतात, तेव्हा एखादी जागा ऐकत रेंगाळायची सोय नसते.

सात इंची डबा, १७० डिग्री, ३५ ते ४० मिनिटं. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, म्हणून वसंतराव देशपांड्यांचा मारवा राग लावला. मारव्यात पंचम नाही आणि षड्जही, म्हणजे सा, सहजासहजी भेटत नाही. रिषभ-धैवतावर गाणं तरंगत राहतं, आणि आपण कधी घरी पोचतोय याची वाट बघत बसतो. भट्टीच्या काचेपुढे बसलेल्या बाईला याहून योग्य राग कुठला असणार? केक मधोमध फुगला, डोक्यावर एक भेग पडली, कोकोचा वास आधी आला आणि त्याच्या मागून संत्रं. आणि वसंतराव अजून सा लावत नव्हते! मूर्तिजापूरचा जन्म, नागपुरात सप्रे गुरुजींकडे शिकलेला मुलगा, पुढे इतकी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये आकडे मांडत बसला, आणि गळ्यात हे घेऊन. मला दर वेळी नवल वाटतं.

तू म्हणशील, माझ्याकडे आशाबाई चालतील का? चालतील, फेटताना. भट्टीसमोर मात्र मारवाच, त्यावर मी वाद घालणार नाही. (घालेन.)

लग्नाची मंडळी रात्री जेवून आली तरी केकचा अर्धा भाग संपला. गरम असताना चॉकलेटच पुढे असतं, संत्रं दुसऱ्या दिवशी खरं कळतं. म्हणून एक तुकडा डब्यात लपवून ठेवला होता. सकाळी बघते तर सासूबाई चहाबरोबर तोच खात बसलेल्या. "अंडं घातलंस का गं?" विचारलं. हो म्हटलं. "बरं," म्हणाल्या, आणि उरलेलाही संपवला.

भावजींचं पाठीचं दुखणं कसं आहे? रियाच्या परीक्षा आटोपल्या का? नोव्हेंबरात येशील तेव्हा बारीक दातांची ती लांब किसणी घेऊन ये, इथली माझी बोटं सोलते. तोवर आंबिया बहराची संत्री आलेली असतील. तिकीट काढलंस की लगेच कळव, म्हणजे वरची खोली रंगवून घेते.

तुझी,
मंदा