एकाच टेकच्या सिनेमाला आवाज देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

आमचा सिनेमा एकाच टेकमध्ये, कॅमेरा मधे एकदाही न थांबवता शूट झालाय म्हटल्यावर जो तो म्हणायचा, "वा, एडिटिंगचा खर्च वाचला की!" तुम्ही मात्र पहिल्याच फोनवर विचारलंत, "आवाजाचं काय करणार आहात?" घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. दिग्दर्शकाच्या सूचना, असिस्टंटांची पळापळ, वाड्यामागचा जनरेटर, सगळं पायलट ट्रॅकमध्ये, म्हणजे शूटिंगच्या वेळीच टिपलेल्या कच्च्या आवाजात, जसंच्या तसं आलेलं. आणि शेवटपर्यंत गेलेला टेक तो एकच.

आम्ही तोंडं पाडून बसलो होतो, तेव्हा तुम्ही सोकुरोव्हच्या 'रशियन आर्क' या एकाच टेकमधल्या रशियन सिनेमाची हकीकत सांगितलीत. २३ डिसेंबर २००१, सेंट पीटर्सबर्गचं हर्मिटाज म्युझियम. तीन प्रयत्न फसलेले, बॅटरी आणि हिवाळ्यातला उजेड दोन्ही संपत आलेले, आणि चौथ्या वेळी कॅमेरामन टिलमन ब्यूटनर स्टेडीकॅम, म्हणजे चालतानाही चित्र हलू न देणारी कॅमेऱ्याची जोडणी, अंगावर घेऊन जवळजवळ दीड तास सलग चालले. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं तुमच्याकडून कळलं. नंतर कित्येक आठवडे त्या एका शॉटवर काम चाललं: केबली आणि सामान पुसलं, बर्फ-धुकं घातलं, फ्रेम सतत लहानमोठी केली, काही जागी वेगसुद्धा बदलला. आवाज तर वेगळाच केला, कारण चुकलं की आपल्या तोंडून शिवी जाते, असं खुद्द ब्यूटनरनीच सांगितलंय. "सोकुरोव्हला हे सुटलं नाही, तुम्ही कोण लागून गेलात?" असं म्हणून तुम्ही जे हसलात, त्यानेच आम्हाला निम्मा धीर आला.

डबिंग करू तेवढं थोडंच, हे आम्ही धरून चाललो होतो. खरी मेख तुम्ही दाखवलीत. आमची नायिका एक वाक्य माजघरात सुरू करते आणि अंगणात संपवते. मधे कट असता तर आवाजाचा पोतही कटबरोबर बदलला असता, कुणाला कळलंही नसतं. इथे माजघराचा घुमारा तिच्या पावलागणिक ओसरायला हवा, आणि रस्त्यावरची रिक्षा तेवढीच हळूहळू वर यायला हवी. तुम्ही त्या एका वाक्याचा रिव्हर्ब, म्हणजे तो घुमारा, शब्दाशब्दाला वेगळा लावलात. फोलीला, म्हणजे पावलांसारखे आवाज स्टुडिओत नव्याने करायला, तर स्वतःच उतरलात. शहाबादी फरशी, मग लाकडी जिना, मग ओलं अंगण. पडद्यावर नजर ठेवून तिच्याबरोबर सलग चालत राहिलात. "तुकड्यांत केलं तर दम लागल्याचं पायात येणार नाही," म्हणालात. मला तेव्हा हा हट्ट वाटला होता. मिक्समध्ये ऐकल्यावर पटलं.

रीळ कुठे तोडायचं, हा आणखी एक घोळ. एरवी वीसेक मिनिटांनी एखादा कट गाठून रीळ बदलतात. आमच्याकडे कटच नाही. तुम्ही प्रत्येक जोड शांत जागी आणलात, ना कुठे टक् ऐकू येत, ना पावसाचा आवाज तुटत. आणि मध्यंतर! एका टेकच्या सिनेमाला मध्यंतर कसलं, म्हणून आम्ही भांडत होतो, वितरक ऐकेना. तुम्ही शांतपणे म्हणालात, चित्र काळं होऊ दे, पाऊस चालू ठेवू. परत येतानाही आधी पाऊस, मग चित्र. वितरक खूश, दिग्दर्शकही खूश. असं फार क्वचित होतं.

श्रेयनामावलीत तुमचं नाव कुठे यावं यावर तुम्ही आजवर बोलला नाहीत, म्हणून आम्हीच ठरवलं: ध्वनी विभागात सगळ्यात वर, वेगळ्या पाटीवर. आता बदलता येणार नाही, प्रिंट गेली. बिल मात्र अजून आलेलं नाही. काकूंना सांगून ते तेवढं पाठवा. तुमच्यावर सोपवलं तर ते पुढच्या दिवाळीपर्यंत काही यायचं नाही.

तुमची,
एडिटिंगवाली पोर