बाबू, धंदा वाढव, पण पावसाळा धरून

दापोली

चि. बाबू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्याच्या भागीदारांबरोबर करायच्या बारा बंगल्यांचा तू पाठवलेला आराखडा आम्ही दोघांनी बसून नीट पाहिला. बाबांना तो मनातून आवडलाय, जेवतानाही त्यांनी त्याचाच विषय काढला. मी धंद्याच्या हिशेबाची वही सांभाळणारी, म्हणून हे सविस्तर लिहिते. फोनवर तू साइटवर असतोस, निम्मं बोलणं मिक्सरच्या आवाजात जातं.

धंदा वाढवायला माझी ना नाही. पुण्या-मुंबईची माणसं इथे घरं बांधायला येतात, त्यांची कामं बाहेरचे ठेकेदार उरकून जातात आणि पहिल्या पावसात गळती लागली की फोन आपल्या बाबांना येतो. हे मला बघवत नाही. ती कामं आपण पहिल्यापासून करायला हवीत. तू शिकून परत आलास याचा मला किती आधार वाटतो, ते मी बोलून दाखवत नाही इतकंच.

पण आपल्याकडे कामाचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. दिवाळी झाली की पाया खणायचा आणि मे संपायच्या आत वरचा स्लॅब पडलेला हवा. जूनमध्ये गावची माणसं लावणीला जातात, विजापूरकडचे कामगार घरी निघतात. त्यातच गणपतीच्या आधी रंग झाला पाहिजे म्हणून चाकरमान्यांचे फोन सुरू होतात. या दिवसांत पैसा येत नाही, जातो मात्र रोज. मिस्त्रींना उचल द्यावी लागते, खडीवाल्याची बाकी असते, डंपरचा हप्ता असतो. त्यात जेसीबी आणि काँक्रीट प्लांटचं कर्ज घातलंस तर जुलैचा हप्ता कुठून भरायचा, ते आधी कागदावर मांडून मला दाखव. जेसीबी भाड्याने मिळतो. तीन हंगाम सलग त्याला काम पुरलं तर मीच तुला घे म्हणेन.

आपल्या वहीत प्रत्येक घराला स्वतंत्र पान आहे. त्या घरमालकाचा पैसा त्याच पानावर जमा होतो आणि त्याच पानावर खर्ची पडतो. आपल्याच भागात एकांचा मोठा पसारा होता. नव्या बंगल्याची आगाऊ रक्कम ते जुन्याच्या सळईत घालायचे, त्याच्या पुढच्याची नव्याच्या चिऱ्यात. एका वर्षी नवं काम आलं नाही आणि तीन घरं जोत्यावरच राहिली. लोकांनी आयुष्यभराची पुंजी दिलेली होती रे.

तुझ्या योजनेला तर कायदाच हे सांगतो. जागा 500 चौरस मीटरच्या वर आणि घरं आठाच्या वर गेली की महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागते. मग ग्राहकांच्या पैशातला 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए यांचे दाखले घेऊन झालेल्या कामापुरताच काढता येतो. हे ओझं समजू नकोस. पुण्याचे भागीदार याला नाक मुरडत असतील, तर त्यांच्याबरोबर जाऊच नये असं माझं मत आहे.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठव. सगळा तालुका उघडा पडला होता, पत्रे मिळेनात आणि जे मिळत त्यांचे भाव चढलेले. बाबांनी आधी आपण बांधलेल्या घरांवर माणसं चढवली आणि पैशाचं नंतर बघू म्हणाले. वहीत शिल्लक होती म्हणून त्यांना तसं म्हणता आलं. त्यानंतर आलेली कितीतरी कामं त्याच घरांच्या ओळखीतून आली.

कामाचं तुला मी काय सांगणार! तरी एक सांगते. किनाऱ्यालगतच्या साइटवर सळई महिनाभर उघडी पडली तर हात लावताच बोटं तांबडी होतात. लागेल तेवढीच मागव, खाली ओंडके घाल, वर ताडपत्री टाक. सळई काँक्रीटच्या पुरेशी आत राहावी म्हणून तिच्याखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक मात्र स्वतः मोजून घे. गवंडी घाईत एखादा दगडाचा तुकडा सरकवतो आणि काही वर्षांतच खारी हवा सळईपर्यंत पोचून स्लॅबचे पापुद्रे सुटायला लागतात.

खरी वाढ माणसांत कर. मिस्त्रींची दोन्ही मुलं हुशार आहेत, त्यांना ड्रॉइंग वाचायला आणि लेव्हल लावायला शिकव. पुढच्या हंगामात एकेक साइट त्यांच्यावर सोपवता आली, तर बाबांची धावपळही कमी होईल. त्यांचे गुडघे दुखतात, ते तुला सांगणार नाहीत. कामगारांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीही करून घे. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला आपण द्यायचा असतो, तो द्यायला टाळाटाळ नको. मुलांच्या शिक्षणाला त्यातून मदत मिळते आणि माणूस पुढच्या दिवाळीला आपल्याकडेच येतो.

आता त्या जागेचं. सातबाऱ्यावर किती हिस्सेदार आहेत ते बघ. मुंबईला असलेल्या एखाद्या चुलत्याची सही राहिली, तर काम वर्षानुवर्षं अडकेल. भरतीरेषेपासून ठरावीक अंतराच्या आत नव्या बंगल्यांची योजना होत नाही, म्हणून सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांच्या, नकाशावर जागा कुठे येते ते भागीदारांच्या तोंडी सांगण्यावर न सोडता स्वतः तपास. सातबारा, फेरफार आणि नकाशा घेऊन शनिवारी घरी ये. बाबांना मी कुठे जाऊ देत नाही. जागा निर्वेध निघाली तर बाराऐवजी चार बंगल्यांपासून सुरुवात करू, त्यांची पानं मी आखून ठेवते.

तुझी,
आई