खिंडींचा हिशेब

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून हसू आलं. ‘डोंगराच्या धारेवरून चालायचं म्हणजे एकदा वर पोहोचलं की पुढे सपाटच ना?’ असं तू विचारलंयस. सपाट! लेका, धारेचं नाव काढलं की माझ्या मांड्या अजून तक्रार करतात. तुला यायचंच आहे म्हणतोस, तर सविस्तर लिहितो. नुसते फोटो पाठवून काही कळायचं नाही.

नकाशावर वाट १६ किलोमीटरची दिसत होती. पण धार कधी सरळ रेषेत नसते. एक टेकाड चढायचं, खिंडीत उतरायचं, पुन्हा चढायचं. असे सगळे चढ मिळून १२०० मीटर भरले. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा ठोकताळा दिला होता: साधारण ५ किलोमीटरला एक तास धरा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवा. त्या हिशेबाने आमचं काम सव्वापाच तासांत उरकायला हवं होतं. पण हा ठोकताळा बऱ्या वाटेवरून चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. फुटके दगड, घसारा, थांबणं, वाट शोधणं यांतलं काहीच त्यात नाही. आमच्या म्होरक्याने सरळ दहा तास धरले आणि पहाटे साडेचारला हेडटॉर्चच्या उजेडात आम्हाला चालायला लावलं. तेव्हा मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या, हे त्याला सांगू नकोस.

पाठीवर प्रत्येकी चार लिटर पाणी, म्हणजे चार किलो नुसतं पाण्याचंच वजन. वर कुठेतरी झरा असेलच, असं वाटतं ना? नसतो. धार म्हणजे पाणी वाटून देणारी जागा. पडलेला पाऊस निम्मा इकडे, निम्मा तिकडे वाहून जातो आणि जमिनीत मुरलेला बराच खाली, उतारावर कुठेतरी बाहेर येतो. त्यामुळे पाणवठा गाठायचा तर धार सोडून खाली उतरायचं, पाणी भरायचं आणि पुन्हा तेवढंच चढायचं. त्यापेक्षा ओझं परवडलं.

उजाडताना आम्ही वर पोहोचलो. उजवीकडची दरी ढगांनी काठोकाठ भरलेली, डावीकडची कोरडी ठणठणीत. पाठीमागून ऊन आलं आणि समोरच्या ढगावर आमच्या सावल्या पडल्या, चांगल्या लांबलचक. सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं. इंद्रवज्र! आजवर नुसतं ऐकलं होतं. मग गंमत सुरू झाली. मी म्हणतोय कडं माझ्या डोक्याभोवती आहे, शेजारचा म्हणतोय माझ्या. दोघंही खरं बोलत होतो. ढगातल्या थेंबांवरून प्रकाश आल्या दिशेने उलट फिरतो, म्हणून ज्याचे डोळे त्याच्याच सावलीच्या डोक्याला कडं दिसतं. शेजाऱ्याची सावली बिचारी बिनकड्याची. स्वतःचं थोरपण पटवायला निसर्गाने याहून चांगली सोय केलेली नाही.

आणि एक. सी. टी. आर. विल्सन हा तरुण शास्त्रज्ञ १८९४ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस डोंगराच्या माथ्यावरच्या वेधशाळेत होता. तिथे त्याने असली कडी पाहिली आणि ती प्रयोगशाळेत करून पाहावी असं त्याला वाटलं. त्या खटाटोपातून पुढे क्लाउड चेंबर तयार झालं, अणूंच्या आतले कण ज्या रेघा सोडून जातात त्या दाखवणारं यंत्र. १९२७ साली त्याला नोबेल मिळालं. आम्ही मात्र फोटो काढले आणि पुढे निघालो.

आता तुझ्यासाठी महत्त्वाचं. पहिल्या खिंडीनंतर धार अरुंद होते. चालायला जागा दोन-अडीच फूट, दोन्ही बाजूंना सरळ कडा. घरासमोर जमिनीवर तेवढ्याच रुंदीचा पट्टा आखून दिला तर तू त्यावरून फोनवर बोलत जाशील. इथे मात्र पाय थरथरतात. याला दृष्टिभय म्हणतात आणि यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. तोल सावरताना मेंदू जवळच्या वस्तूंकडे बघून शरीर किती हललं याचा अंदाज घेतो. आजूबाजूला जवळ काहीच नसेल, सगळं दूर खोल दरीत असेल, तर तो आधार जातो आणि शरीर खरोखरच जास्त डोलतं. म्हणून नजर चार पावलांपुढच्या कातळावर ठेवायची, जमेल तिथे हात दगडाला लावायचा. दरी बघायची असेल तर आधी थांबायचं, मग बघायचं. दोन्ही एकदम नाही. आमच्यातल्या एकाने तो टप्पा बसून, सरकत पार केला. कुणी हसलं नाही. तूही तसा आलास तरी चालेल, पँट फाटेल एवढंच.

वाऱ्याचंही असंच. दरीतून वर येणारा वारा माथ्यावर दाटीने पुढे सरकतो, त्यामुळे त्याचा वेग वाढतो. खाली पानही हलत नसताना वर टोपी उडते. उंचीने गारठाही वाढतो, हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश. तेव्हा विंडचीटर पिशवीच्या तळाशी कोंबू नकोस.

दुसऱ्या खिंडीत थोडं खाल्लं. तिसरी खिंड दुपारी एकच्या आत गाठली नाही तर तिथूनच खाली, असं आधीच ठरलं होतं. धारेवर मध्येच कंटाळा आला म्हणून कुठूनही उतरता येत नाही रे. दोन्हीकडे कडे असतात. जिथे खडक ठिसूळ आहे आणि दोन्ही बाजूंच्या ओढ्यांनी तो खाऊन खाऊन खाली आणलाय, तिथेच खिंड होते आणि तिथूनच नाळेने, म्हणजे अरुंद घळीने, उतरता येतं. म्हणून किती चाललो यापेक्षा पुढची खिंड किती लांब, हा हिशेब डोक्यात चालू ठेवायचा.

तिसऱ्या खिंडीत आलो तेव्हा पाऊणच वाजला होता. पाय शाबूत, पाणी शिल्लक, शेवटचं शिखर समोर. पण त्यामागे ढग फुलकोबीसारखे वर चढत होते आणि त्यांचे तळ काळे पडले होते. आम्ही दोघं-तिघं म्हणालो, तासाभराचं तर काम आहे. म्होरक्या बोलला नाही. वीज चमकली आणि त्याने मोजायला सुरुवात केली. चोवीसला गडगडलं. आवाजाला किलोमीटरभर यायला तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज आठ किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की उघड्यावर थांबायचं नाही, हा साधा नियम. पुढची वीज डोक्यावर पडायला तेवढं अंतर काही जास्त नसतं आणि धारेवर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो. तो म्हणाला, “घड्याळ परवानगी देतंय, आभाळ देत नाही.” आणि नाळेत उतरायला लागला.

मी चिडलो होतो, लपवत नाही. शिखर इतकं जवळ होतं! पण अर्ध्या तासात वर काय चाललंय हे नाळेतूनही ऐकू येत होतं. पुढे कुणी शिखराचं नाव काढलं नाही.

नाळेने मात्र जीव काढला. मोठाले दगड, त्यांवर पावसाने निसरडं झालेलं मुरमाड, आणि खाली चालणाऱ्यावर दगड जाऊ नये म्हणून एकेकाने उतरायचं. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. असल्या कामाने ते चढापेक्षा जास्त दुखावतात, आणि दुखणं लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं. मी जिना उलटा उतरत होतो.

उरलेली धार पावसाळा संपला की करायची आहे, या वेळी उलट्या बाजूने, म्हणजे ते शिखर सकाळीच पदरात पडेल. तू येणार असशील तर आजपासून जिने चढ-उतर सुरू कर, उतरणं जास्त. नवे बूट घेऊन थेट येऊ नकोस, आधी महिनाभर पायात घाल. शिट्टी जवळ ठेव. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. संकटात आहोत हे असं सांगतात, आणि ऐकणारा तीन वेळा वाजवून उत्तर देतो. वेळ येणार नाही, पण माहीत असू दे.

सुट्टीच्या तारखा कळव. मात्र पहाटे साडेचारला निघण्यावर हुज्जत घालायची नाही आणि म्होरक्या उतर म्हणाला की उतरायचं. ह्या दोन अटी कबूल असतील तरच तुझं नाव घालतो.

तुझाच,
बंड्या