बोहारणीला फाटकाबाहेर ठेवू नका

संपादक महोदय,

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'जुने कपडे दान करा' असे निरोप फिरू लागतात. तळमजल्यावर एक मोठे खोके येऊन बसते. त्याच सोसायटीच्या फाटकावर 'फेरीवाल्यांना सक्त मनाई' अशी पाटीही असते. या पाटीमुळे बाहेर राहिलेल्या बोहारणीविषयी मला लिहायचे आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई पुण्यात अजून आहे, पण तिला आत सोडणारी फाटके कमी होत चालली आहेत.

मी राहतो वारज्याला, आणि भोसरीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. घरात आमची आई बोहारणीशी तासतासभर घासाघीस करायची: 'दोन पँटी आणि नुसतं पातेलं? वर एक झारा टाका मावशी.' मावशीही कमी नव्हत्या. शर्टाची कॉलर उलटून पाहायच्या, पँट उजेडात धरून गुडघ्याला विरली आहे का बघायच्या, आणि मग पातेल्याऐवजी डबा पुढे सरकवायच्या. वर्कशॉपमध्ये मात्र याच धंद्याच्या अगदी शेवटच्या टोकाला मी गिऱ्हाईक आहे. लेथ मशीन पुसायच्या चिंध्या मी किलोवर घेतो.

चिंधीत काय पाहायचे असते, असे कुणालाही वाटेल. तेलाने माखलेला कामगाराचा हात आणि लोखंडाचा कीस पुसायला सुतीच कापड लागते. टेरीकॉट तेल पीत नाही, फक्त इकडचे तिकडे फासते. बनियनचे कापड सगळ्यांत मऊ, म्हणून त्याला भाव जास्त. खालोखाल जुन्या चादरी आणि धुऊन धुऊन नरम झालेल्या सुती साड्या. चिंधीत एखादे बटण किंवा चेनचा तुकडा राहिला तर घासून गुळगुळीत केलेल्या भागावर ओरखडा उठतो आणि तो भाग भंगारात जातो. माझ्याकडे येणाऱ्या पोत्यात असे सहसा सापडत नाही, कारण आधी कुणीतरी प्रत्येक कपडा हातात घेऊन बटणे, हूक, चेन कापून काढलेली असते.

ते 'कुणीतरी' मी जुन्या कपड्यांच्या गोदामात पाहिले आहे. बायका जमिनीवर बसलेल्या असतात, समोर ढीग. नुसत्या बोटांनी कापड चाचपून सुती एका बाजूला, मिश्र दुसऱ्या बाजूला टाकतात. शंका आली तर एक धागा ओढून काडीने पेटवायचा. सुती धाग्याची कागदासारखी जळून राख होते, पॉलिएस्टरचा वितळून कडक मणी बनतो. सहसा काडीची गरज पडत नाही. माझ्याकडे डिप्लोमा झालेली मुले येतात, त्यांना पितळ आणि गनमेटल डोळ्यांनी ओळखायला शिकवताना माझा घाम निघतो. या बायकांना मात्र कुणी कुशल कामगार म्हणत नाही.

त्यांची अडचण आपल्याच कपाटांतून वाढते आहे. पूर्वी सुती म्हणजे सुती असायचे. आता जीन्समध्येही ताणणारा धागा, टी-शर्टात अर्धे पॉलिएस्टर. असे कापड पुसायला चालत नाही आणि पिंजून त्याचे धड सूतही होत नाही. घरातून निघणारे कपडे वाढले, त्यांतले कामाचे कमी झाले. भांडे मात्र बोहारणीला पदरचे पैसे घालून आणावे लागते.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. तिला कपडा फुकट मिळत नाही, म्हणून ती तो वाया जाऊ देत नाही. धड असेल तर धुऊन, उसवले असेल तिथे टाका घालून, इस्त्री करून तो विक्रीला जातो. बुधवारी नाहीतर रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारा. कामावर घालायला पँट-शर्ट घेणारे लोक तिथे दिसतील. ते भाव करतात, पैसे मोजतात, उपकार कुणाचेच घेत नाहीत. साड्या गोधडीला जातात. उरलेले आमच्यासारख्यांकडे येते. दानाच्या खोक्यात मात्र काय पडते ते आमच्या सोसायटीत मी पाहिले आहे: एकेक चप्पल, ओले टॉवेल, कुणाची तरी फाटकी उशी. फुकट द्यायचे म्हटले की हात सैल सुटतो. संस्था वाईट आहेत असे मी म्हणत नाही. अंशू गुप्ता यांची 'गूंज' १९९९ पासून शहरांतले कपडे गावांत पोचवते. तिथेही लोक आधी विहीर, रस्ता असे गावाचे काम करतात आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घेतात. बोहारणीचा व्यवहार याहून वेगळा कुठे आहे?

लोकरी कपड्यांची वाट आणखी लांबची. मराठी माणसाला पानिपत ठाऊक आहे ते १७६१ मुळे. पण तिथे आज देशोदेशींचे जुने स्वेटर आणि कोट फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात. आधी रंगवार ढीग लावतात, त्यामुळे सूत वेगळे रंगवावे लागत नाही. पूर-भूकंपात वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे याच सुताचीही बनतात. ते ढीग लावणारे हातही बहुतेक बायकांचेच.

आणि जे आपण सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकतो, ते घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंच्या वाट्याला येते. भाजीच्या देठांत लडबडलेला सदरा कुणालाच नको असतो. तोच कोरडा, वेगळ्या पिशवीत दिला तर त्याचे काही तरी होते.

सोसायट्यांच्या कमिट्यांना माझी विनंती एवढीच, की महिन्यातला एक दिवस ठरवून बोहारणीला आत येऊ द्यावे. वॉचमनने वहीत नाव लिहून घ्यावे, पार्किंगच्या कोपऱ्यात सावलीत बसायला जागा आणि प्यायला पाणी द्यावे. सुरक्षेची काळजी मला समजते; पण पार्सलवाल्या अनोळखी पोरांना दिवसभर लिफ्टने वर सोडणाऱ्या सोसायटीने हे कारण सांगू नये. कपडे धुऊन, वाळवून द्या. आणि देण्याआधी बटणे कापून घरात ठेवू नका. गोदामात तीही डब्यात जमवून विकली जातात.

आपला,
एक वर्कशॉपवाला, वारजे, पुणे