तुझा बॉन्ड आणि ती गुलामगिरी

दांडिया बाजार, वडोदरा

चि. निनाद यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, ही नोकरी नाही, गुलामगिरी आहे." दोन वर्षांचा बॉन्ड, मध्येच सोडलं तर पैसे भरा, आणि रात्री जेवतानाही साहेबांचे फोन. तुझा थकवा खरा आहे, मी तो हलका मानत नाही. पण कामगारांचे खटले चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे तो शब्द कानावर पडला की मला वेगळीच माणसं दिसतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझं बघू. राजीनामा द्यायला तुला कोणी अडवू शकत नाही. 'याच कंपनीत काम कर' असा हुकूम कोणतंही न्यायालय तुला देणार नाही. कंपनी भरपाई मागू शकते, तीही वाजवी. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 तेवढंच देतं. मात्र 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची भरपाई योग्य ठरवली आहे, तेव्हा रागाच्या भरात निघून येऊ नकोस.

आता ती माणसं. नवसारी प्रांत गायकवाडांचा होता हे तुला ठाऊक आहे. तिथे आणि सुरतेच्या बाजूला हाळी पद्धत होती. दुबळा जमातीतला तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचा आणि त्या दिवसापासून त्याचा हाळी व्हायचा. हा धन्याचा नांगर धरणार, बायको धन्याच्या घरचं शेणगोठा आणि धुणीभांडी करणार. मजुरी धान्यात मिळायची आणि पोटातच संपायची. कर्ज फिटायचं नाही, आजारपण आलं की उलट वाढायचं. मुलगा वयात आला की त्याच्या लग्नाचे पैसेही त्याच ओसरीवरून यायचे, म्हणजे तोही अडकला. पायात बेडी नव्हती, दाराला कुलूप नव्हतं. पण जायचं कुठे?

खरं तर 1843 च्या कायद्यानेच इंग्रज मुलखात माणसावर मालकी सांगणारा दावा न्यायालयाने ऐकायचा नाही असं ठरलं होतं, आणि 1860 च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा केला. हाळी मात्र तसाच राबत राहिला, कारण त्याला कोणी विकत घेतलंच नव्हतं. त्याच्या नावावर फक्त उधारी होती. ही पळवाट बुजवायला घटनेचं कलम 23 यावं लागलं, त्यात वेठीला स्पष्ट मनाई आहे. मग ऑक्टोबर 1975 चा वटहुकूम आणि 1976 चा वेठबिगार मुक्तीचा कायदा. त्याने असलं कर्जच रद्द केलं. मजुराने फेडायचं काही उरत नाही, आणि राबवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढं होऊनही वीटभट्टीवर आणि ऊसतोडीत मजूर आजही उचल घेऊन येतात. ती फिटेपर्यंत मुकादम हलू देत नसेल, तर तो मजूर हाळीच झाला.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ते अर्पण केलं. जातीने माणसाला जन्मतःच बांधून टाकलं आहे, हे त्यांना सांगायचं होतं. ते किती खरं होतं ते आपल्याच गावात दिसलं. बाबासाहेबांनीही एक बॉन्ड लिहून दिला होता: 1913 मध्ये शिष्यवृत्ती घेताना, शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदे संस्थानची चाकरी करण्याचा. सप्टेंबर 1917 मध्ये ते तो पाळायला इथे आले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत, प्यायला पाणी मिळेना, आणि पारशी धर्मशाळेतून तर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. राहायला जागा नाही म्हणून त्यांना हे शहर सोडावं लागलं. जिथे ते बसले होते ते कमाटीबागेतलं झाड तू पाहिलं आहेस. दहा वर्षांचा तो करार लेखी होता, त्यातून त्यांना बाहेर पडता आलं. ज्याने त्यांना छप्पर नाकारलं ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं, आणि त्यातून राजीनामा देऊन सुटता येत नव्हतं.

म्हणून मला वाटतं, तुझ्या नोकरीला जाच म्हण, पिळवणूक म्हण, त्याविरुद्ध भांड, मी तुझ्या बाजूने उभी आहे. हा एक शब्द मात्र ज्याला दार बंद आहे त्याच्यासाठी राहू दे.

आणि तसा माणूस तुझ्याच इमारतीत असू शकतो. 1982 च्या एशियाडसाठी, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांसाठी, राबलेल्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा वेठच, कारण भूक हीदेखील सक्तीच आहे. तुमच्याकडे रात्री फरशी पुसणाऱ्या बाई आणि गेटवरचे काका ठेकेदाराचे असतील. त्यांच्याशी एकदा निवांत बोल. पगार पूर्ण हातात येतो का, एटीएम कार्ड किंवा आधार ठेकेदाराने ठेवून घेतलंय का, उचल आहे का, काम सोडू देतात का. साहेबांसमोर विचारू नकोस, त्यांचीच नोकरी जायची. काही वावगं निघालं तर मला सांग. तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, तो मी लिहून देईन.

तुझ्या बॉन्डच्या सगळ्या पानांचे फोटोही आजच पाठव. मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडे दिली असशील तर ती परत मागणारा ईमेल आधी कर, मसुदा मी सांगते.

तुझी,
आई